मासोळीसाठी उकळलेलं लाकूड

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांचा काचेचा फिशटँक आमच्या हॉलमध्ये येऊन बसला. साहेबांनी प्रेमानं दिला म्हटल्यावर नवऱ्याला नाही म्हणता आलं नाही. टँकसोबत आतला संसारही आला: निळे खडे, हवेची मोटर, हेल्मेटातून बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या आणि एक मासा. बाकीचे मासे म्हणे बदलीच्या आधीच गेले होते. हा उरलेला मासा काळपट, चपट्या तोंडाचा. दिवसभर काचेला ओठ चिकटवून असायचा, त्यामुळे कुणीही बघायला गेलं की त्याचं फक्त पोट दिसायचं.

नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या घरात आम्ही तिघंच. मी शाळेत मराठी शिकवते, नवरा ऑडिटच्या कामानं महिन्यातला अर्धा वेळ गावोगाव. तिसरे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजींची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर गेली. सासूबाई गेल्या आणि आम्ही त्यांना इकडे आणलं. आणलं खरं, पण ते आले नव्हते. सकाळी अंगणातल्या खुर्चीवर बसायचे आणि फाटकाकडे पाहायचे. एकदा मला म्हणाले, "इथी भोंगाच नाही वं. दिवस सुरू झाला हे मानसाले समजावं कसं?"  मी चहा ठेवला.

फिशटँक आला त्या आठवड्यात त्यांनी आपली खुर्ची अंगणातून हॉलमध्ये आणली. दोन-तीन दिवस माशाच्या पोटाकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, याचं काहीतरी बिनसलं हाय. खाऊन नाही राहिला."

मी मोबाईलवर माशाचा फोटो काढला आणि आम्ही दोघं माशांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं फोटो बघताच सांगितलं, "काका, हे सकर मासोळी हाय. याले लाकूड पाहिजे. दिवसभर लाकडाले तोंड लावून घासत बसते, तेच पोटात जाते. नाही भेटलं तर अशी सुकते."

मग त्यानं काचेच्या कपाटातून एक वाकडंतिकडं लाकूड काढून टेबलावर ठेवलं. कपाटात त्याला वेगळा दिवाही होता. "नदीतून वाहून आलेलं असते. इम्पोर्टेड."

मामाजींनी लाकूड उलटंपालटं केलं. "कोणत्या नदीतून?"

"इम्पोर्टेड हाय काका."

"ते समजलं. नदी कोणती?"

दुकानदाराला नदी माहीत नव्हती. मामाजींनी लाकूड हळूच टेबलावर परत ठेवलं, जणू एखाद्याचं आडनाव विचारलं आणि ते त्याला सांगता आलं नव्हतं. "आमची कन्हान हाय," ते म्हणाले. "तिचं लाकूड चालते का?"

माणूस भला होता. म्हणाला, चालते, पण पूर्ण वाळलेलं, कडक पाहिजे. नख रुतलं तर घेऊ नका, ओला चीक असेल तर घेऊ नका. घरी आणून घासा, मग उकळा. पाण्याला रंग सुटणं थांबेपर्यंत उकळत राहा. त्यानंतर पाण्यात बुडवून ठेवा, रोज पाणी बदला. लाकूड आपणहून तळाशी बसेल त्या दिवशी टँकमध्ये टाका.

मामाजी ते सगळं मान खाली घालून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "किती डिग्रीवर?"

"काका, उकळणं म्हणजे उकळणं."

दुकानातून बाहेर पडताना त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच काळात पहिल्यांदा रस दिसला. दुकानदाराच्या अज्ञानानं तो आला होता, पण आला होता.

पुढच्या रविवारी आम्ही कामठीला गेलो आणि तिथून कन्हानच्या काठाला उतरलो. पाणी बरंच खाली गेलं होतं. पुरानं आणून टाकलेला पाचोळा, फांद्या, फाटक्या चपला खडकांना अडकून वाळत पडल्या होत्या. मामाजींनी मला आधी वरच्या अंगाला चालवत नेलं. मी म्हटलं, इथेच आहेत की फांद्या. ते म्हणाले, "खाली मसनघाट हाय. घाटाच्या खालचं लाकूड घरात नेलं तर तुझ्या नवऱ्याले मी काय सांगू?" मग एकेक फांदी उचलून नख लावायची, दगडावर आपटायची, कान देऊन ऐकायचं, फेकायचं. एक पोकळ, एक किडकं, एक ओलं. बरीच लाकडं नापास झाल्यावर एका खडकाच्या कपारीत त्यांना ते सापडलं.

बुंध्याचा तुकडा होता, राखाडी, दगडासारखा घट्ट. त्याला दोन बाजूंनी दोन फांद्या वर गेलेल्या. लांबून पाहिलं तर कुणी जनावर पाण्यावर वाकलं आहे आणि त्याची शिंगं वर आली आहेत असं वाटायचं. मामाजींनी ते आपटलं. खण्ण असा आवाज आला. "हे," ते म्हणाले.

"मामाजी, हे फार मोठं नाही का होणार?"

"लाकूड पाण्यात गेलं की लहान दिसते."

मी मराठीची शिक्षिका. विज्ञानात मी कुणाशी वाद घालत नाही.

परतीला शेअर ऑटोवाल्यानं लाकडाकडे आणि आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. "याची सीट लागेल." मामाजी म्हणाले, "लागू दे." अशा रीतीनं लाकूड मधल्या सीटवर बसलं, मामाजी एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला. समोर साड्यांचं गाठोडं घेतलेली एक बाई होती. एक शिंग नेमकं तिच्या मांडीवर आलं. तिनं पदर सावरून शिंगाखाली घेतला. थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, "देवाचं हाय का?" मी नाही म्हटलं तेव्हा ती निराश झाली. पण शिंग तिनं शेवटपर्यंत धरून ठेवलं.

चौकात पोलिसानं ऑटो थांबवला. दुसरं शिंग बाहेर निघालं होतं.

"हे काय हाय?"

"लाकूड हाय," मामाजी म्हणाले.

"ते दिसून राहिलं. सागवान तर नाही ना? कशाले नेऊन राहिले?"

"मासोळीसाठी."

"मासोळी शिजवाले?"

"नाही गा. मासोळीले खाले."

पोलिसानं मामाजींकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. सून म्हणून मी काही खुलासा करावा अशी त्याची अपेक्षा असावी. मी म्हटलं, "खरं आहे साहेब. ती लाकूड खाते."

"कोणती मासोळी लाकूड खाते?"

साड्यावाली बाई मध्येच बोलली, "जाऊ द्या ना साहेब, म्हातारं माणूस हाय." पोलिसानं एकदम आवाज मऊ केला आणि मला म्हणाला, "सांभाळून न्या बाई त्यांना." मामाजींना ते लागलं. नागपूर येईपर्यंत ते लाकडावरची माती नखानं काढत राहिले. घराच्या गल्लीत शिरल्यावर मात्र म्हणाले, "त्याले वाटलं मी येडा हाय." मी म्हटलं, "आपण दोघंही वेडे वाटलो असू." त्यावर त्यांना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी मी ते हसणं ऐकत होते.

घरी आल्यावर घासणं सुरू झालं. मामाजी अंगणात पोतं टाकून बसले. तारेच्या ब्रशनं घास, पेचकसानं कुजका भाग खरवड, सालीचा शेवटचा तुकडा निघेपर्यंत सोडायचं नाही. पहिल्याच दिवशी एका भोकातून मुंगळ्यांची अख्खी वसाहत बाहेर पडली आणि आमच्या जिन्यावर चढली. तेव्हा नवरा दौऱ्यावरून परत आला होता. दारात बॅग ठेवून तो लाकडाकडे बघत उभा राहिला. "बाबा, हे टँकमध्ये जाणार आहे?"

"हाव."

"आपल्या टँकमध्ये?"

"मंग काय, गांधीसागर तलावात?"

नवरा आत गेला आणि टेप घेऊन आला. लांबी मोजली, टँकची मोजली. लांबी कशीबशी बसत होती. उंचीचं काय, असं विचारायला त्यानं तोंड उघडलं आणि मामाजींचा उत्साह बघून मिटलं. त्याच्याबद्दल मला त्या क्षणी जे वाटलं ते लग्नात वाटलं होतं त्याहून जास्त होतं.

आता उकळायचं. आमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात फक्त एक शिंग बुडत होतं. मामाजी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या केटररकडे गेले आणि लग्नात वरण करतात तो भला मोठा गंज आणि शेगडी घेऊन आले. गंजात तरी पूर्ण लाकूड कुठे मावतं? मामाजींनी ठरवलं, आधी बुंधा, मग उलटवून शिंगं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आले तर ते खाकी शर्ट, जुने बूट आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून शेगडीपुढे उभे. ते हेल्मेट आमच्या घरात आहे हेच मला माहीत नव्हतं.

"हेल्मेट कशाला मामाजी?"

"प्लांट सुरू हाय."

त्या दिवसापासून आमच्या अंगणात प्लांट सुरू राहिला. ज्वाला कमी केली की ते "लोड कमी केला" म्हणायचे, पाणी घातलं की बॉयलरवरच्या भाषेत "मेकअप दिला." मी शाळेतून आले की मला रिपोर्ट मिळायचा. जेवायला आत बोलावलं तर, "शिफ्ट सोडून कसं येऊ?" मग मीच ताट बाहेर नेऊन द्यायचे. गंजातून दोन शिंगं वर आलेली, त्यांतून वाफ, आणि पाणी काळ्या चहासारखं लाल.

शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय शिजवून राहिले भाऊ?" मासोळीची हकिकत सांगून मामाजी एव्हाना थकले होते. दूधवाल्याला सांगितली होती, वीजमीटर बघणाऱ्याला सांगितली होती, आणि दोघंही त्या पोलिसासारखेच बघत राहिले होते. ते म्हणाले, "काढा हाय."

एवढंच. संध्याकाळी काकू स्टीलचा डबा घेऊन आल्या.

"गुडघ्यांसाठी थोडा द्या."

"नाही बाई, हे पिऊ नका. मी गंमत केली. हे लाकूड हाय, मासोळीसाठी."

"अर्जुनाचं दिसते," काकू गंजात बघत म्हणाल्या. "रंगावरूनच समजते. देऊ नका म्हटलं असन तुमच्या वैद्यानं."

"वैद्य नाही, दुकानदार होता."

"तेच ते."

मीही बाहेर येऊन समजावलं. नदीतलं लाकूड आहे, कसलं आहे ठाऊक नाही, पोटात गेलं तर त्रास होईल. काकूंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "बरं, पीत नाही. वरून लावते." आम्ही ते पाणी नालीत फेकायचोच, तेव्हा त्यांना अडवायला काही कारण उरलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीपाशी आल्या आणि आपल्या ओट्याच्या दोन पायऱ्या चढून दाखवल्या.

मग ते कुणाच्या हातात राहिलं नाही. कुणी बाटली घेऊन आलं, कुणी बादली. मामाजी प्रत्येकाला हात जोडून सांगायचे, हे पिऊ नका, हे औषध नाही. ते जितकं सांगायचे तितका लोकांचा विश्वास वाढायचा. खोटं औषध विकणारा माणूस असं थोडंच बोलतो, असं एक निवृत्त गृहस्थ मला म्हणाले. दोघांचे हेतू मात्र उलटे होते. मामाजींना पाणी पांढरं झालेलं हवं होतं, लोकांना लाल. मामाजी रोज पाणी फेकून नवं चढवायचे आणि रोज रंग फिका व्हायचा. एका संध्याकाळी काकूंनी डबा उजेडात धरून पाहिला आणि सरळ विचारलं, "काहून भाऊ, पाणी मिसळून राहिले का?"

शेवटी एक दिवस पाणी स्वच्छ निघालं. मामाजींनी काचेच्या ग्लासात घेऊन मला दाखवलं. गल्लीतली माणसं नाराज होऊन परत गेली. काकू आठवडाभर आमच्याशी कामापुरतं बोलल्या.

पुढची पायरी बुडवून ठेवण्याची. मागच्या अंगणात सिमेंटचा हौद होता, त्यात लाकूड सोडलं. ते तरंगलं. मामाजींनी त्यावर वीट ठेवली. लाकूड कलंडलं, वीट तळाशी गेली आणि लाकूड पुन्हा वर. मग पाटा आणून सुतळीनं बांधला, तेव्हा कुठे ते खाली राहिलं. रोज सकाळी मामाजी सुतळी सोडायचे, पाणी बदलायचे, आणि लाकूड सावकाश वर यायचं. ते हौदाच्या काठावर हात टेकून त्याच्याकडे बघायचे. "जिद्दी हाय," म्हणायचे. त्यात तक्रार नव्हती.

एक दिवस मी शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत होते. बाजूला आमच्या मुख्याध्यापिका आणि विज्ञानाच्या मॅडम चहा घेत होत्या. माझा फोन वाजला. मामाजींचा आवाज इतका मोठा होता की खोलीभर ऐकू गेला.

"सूनबाई! डुबलं! लवकर ये, डुबलं!"

आणि फोन बंद. त्यांच्या फोनची बॅटरी नेहमी अशीच जायची.

सगळ्या खोलीतली पेनं थांबली. "कोण डुबलं?" मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या.

"काही नाही मॅडम," मी म्हटलं. मला खरं तर आनंद झाला होता. "लाकूड डुबलं."

त्या माझ्याजवळ आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लाकूड डुबत नाही, बाई. तुम्ही शांत व्हा. पाणी घ्या आधी."

"नाही मॅडम, खरंच लाकूड. आमचे सासरे ते किती दिवसांपासून डुबवून राहिले आहेत."

"शॉकमध्ये आहेत," विज्ञानाच्या मॅडम हळूच म्हणाल्या. कुणीतरी माझे तळहात चोळायला लागलं. मी हसले, आणि ते हसू बघून सगळ्या आणखी घाबरल्या. मी जितकं समजावत होते तितकी त्यांची खात्री पटत होती. डबे घेऊन येणाऱ्या लोकांपुढे मामाजींचं काय झालं असेल याची मला त्या वेळी पूर्ण कल्पना आली.

विज्ञानाच्या मॅडमनी आपली गाडी काढली. मुख्याध्यापिका मागच्या सीटवर माझा हात धरून बसल्या. रस्ताभर त्या मला सांगत होत्या की धीर धरा. मी धरला.

घराचं फाटक उघडंच होतं. मागच्या अंगणात मामाजी हौदापाशी उभे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत ओले. आमच्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. ते बघून मुख्याध्यापिकांनी तोंडावर हात ठेवला.

"पाह्य," ते मला म्हणाले. "सुतळी सोडली, पाटा काढला. तसंच खाली बसून हाय."

आम्ही चौघं हौदात वाकलो. तळाशी लाकूड शांत बसलं होतं, शिंगं वर करून. पाटा बाजूला भिंतीला टेकलेला होता.  मग विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, "आत पाणी मुरलं पूर्ण. आता घनता वाढली." मामाजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू इतक्या दिवसांत पहिला शहाणा माणूस भेटला. त्यांनी दोघींना खुर्च्या दिल्या, मला चहा टाकायला सांगितला आणि अथपासून सगळी हकिकत सांगितली. मुख्याध्यापिकांनी ती संपूर्ण ऐकली. निघताना मला म्हणाल्या, "उद्या शाळेत कुणाला काही सांगू नका. मी सांगते." त्यांनी काय सांगितलं ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण शाळेतली एक शिपाईबाई अजूनही मला मामाजींच्या तब्येतीचं फार हळू आवाजात विचारते.

रविवारी नवरा घरी असताना लाकूड टँकमध्ये घालायचं ठरलं. टँकच्या वरच्या तोंडाला मधोमध काचेची आडवी पट्टी होती. ती कुणीच मोजली नव्हती. सरळ जाईना, आडवं जाईना. अरुंद दारातून पलंग नेताना करतात तसं सगळं झालं. मामाजी हेल्मेट घालून खुर्चीवर उभे राहून हुकूम देत होते, "डावीकडे, अजून डावीकडे, आता बुंधा खाली, हळू गा, हळू!" नवरा घामानं निथळलेला. मी दोन्ही हातांनी काच धरलेली. एकाएकी लाकूड वळलं, पट्टीखालून सुळकन आत शिरलं आणि स्वतःएवढं पाणी बाहेर ढकलत खाली गेलं. ते पाणी टीव्हीच्या टेबलावर, सोफ्यावर आणि नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेवर आलं. पाणबुड्या लाकडाखाली सापडला. बुडबुडे मात्र बाहेर येत राहिले.

एक शिंग टँकच्या वर वीतभर बाहेर राहिलं. झाकण लागेना. नवरा म्हणाला, "बाबा, एवढं कापून टाकतो करवतीनं."

"नाही कापाचं," मामाजी म्हणाले.

"अहो, पण झाकण..."

"झाकण काप."

नवऱ्यानं झाकण कापलं.

मासा दिवसभर कोपऱ्यात दडून होता. काही दिवसांनी लाकडावर पांढरट, बुळबुळीत थर आला आणि मामाजींचं जेवण बंद झालं. पुन्हा बाहेर काढून उकळायचं म्हणाले. मी त्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, काही करू नका, नव्या लाकडावर येतेच, मासोळीच साफ करते. मामाजींना पटलं नाही, पण त्यांनी वाट पाहिली.

एका सकाळी मी उठून हॉलमध्ये आले तर ते जमिनीवर मांडी घालून टँकसमोर बसले होते. मला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. मी शेजारी बसले. मासा काचेवरून उतरला होता. बुंध्याला तोंड लावून तो पुढे सरकत होता आणि त्याच्या मागं पांढऱ्या थरात लाकडाचा काळा पट्टा उघडा पडत होता. पहिल्यांदाच आम्हाला त्याची पाठ दिसत होती. तिच्यावर ठिपके होते.

"सुंदर हाय वं," मामाजी म्हणाले.

नवरा ब्रश तोंडात धरून दारात आला. "काय झालं?"

"बस खाली. बोलू नको," त्याचे वडील म्हणाले, आणि तो तसाच ब्रश धरून खाली बसला.